चांगुणाच्या अंगठ्यावरून फिरलेला रूळ

मी एक जुना शाईचा रूळ आहे. लाकडी मुठीचा, रबरी अंगाचा, आणि आता जागोजागी तडकलेला. मित्रांनो, मला हात लावलात तर बोटं काळी होतील अशी भीती नको. माझ्या अंगाला शाई लागून वर्षं लोटली. नाशिकच्या एका कॉलेजात, मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत मी पडून असतो.

माझा जन्म कुठे झाला ते विचारू नका, मला ठाऊक नाही. कळायला लागलं तेव्हा मी रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांची प्रुफं काढत होतो. मजेत होतो हो! पण शहात्तर साली देवरे सर आले आणि मालकाकडून मला मागून घेऊन गेले. सर कॉलेजात शिकवायचे आणि माणसांच्या बोटांवरच्या, तळहातावरच्या बारीक रेषांचा अभ्यास करायचे. म्हणजे हात बघून भविष्य सांगायचे असं समजू नका. तसं कुणी म्हटलं की सरांचं डोकंच फिरायचं. कुणाच्या बोटावर शंख आहे, कुणाच्या चक्र, कोणत्या गावात काय जास्त, हे ते मोजायचे.

सर सांगायचेही छान. या रेषा आईच्या पोटातच उमटतात आणि मरेपर्यंत बदलत नाहीत, म्हणायचे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बंगालात एका गोऱ्या साहेबानं एका कंत्राटदाराचा अख्खा पंजा करारावर उठवून घेतला, का तर त्यानं उद्या शब्द फिरवू नये. पुढे कलकत्त्याला पोलिसांनी ठशांची कचेरीच उघडली. हे ऐकून मी उगाच फुशारून जायचो. आपण मोठ्या विद्येच्या कामी आलो, असं वाटायचं.

एकदा आम्ही सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावर गेलो. लोकांनी मुठी आवळून घेतल्या. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, असं त्यांना वाडवडिलांनी बजावलेलं, आणि त्यात काय चूक होतं? शेवटी चांगुणा नावाची एक विधवा बाई पुढे झाली. सर तिच्या ओसरीवर नागलीची भाकरी खायचे. मास्तर माणूस, तो कशाला फसवील, असं ती सगळ्यांना म्हणाली आणि तिनं हात पुढे केला. मी तिच्या अंगठ्यावरून फिरलो. लावणी करून करून कातडी राठ झाली होती बिचारीची. सरांनी तो अंगठा नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कागदावर लोळवला. ठसा नेहमी कागदाच्या तळाशी घ्यायचा, वरची जागा मोजमापं लिहायला कोरी ठेवायची आणि मागे पेन्सिलीनं नाव टाकायचं, ही सरांची पद्धत. चांगुणाचं बघून सगळा पाडा आला.

कागद वाळायला चांगुणाच्या दिराच्या, म्हणजे पुंजाच्या घरात पसरले. सकाळी चांगुणाचा कागद सापडेना. वाऱ्यानं गेला असेल, सर म्हणाले, आणि तिचा अंगठा पुन्हा घेतला. झालं, विषय संपला.

कसला संपतोय! दोनेक वर्षांनी चांगुणा नाशिकला सरांच्या दारात येऊन उभी राहिली. पुंजानं तहसील कचेरीत एक कागद दिला होता. ‘माझ्या नवऱ्याच्या शेतावरचा माझा हक्क मी दिराला सोडते,’ असा मजकूर, आणि खाली तिचा अंगठा. तिचं भाताचं तेवढं एकच शेत होतं. सरांशिवाय तिनं जन्मात कुणाला अंगठा दिला नव्हता. सरांनी तिथं येऊन एवढंच सांगावं, असं तिचं म्हणणं.

सरांचा प्रबंध नुकताच विद्यापीठात गेला होता. कागद आपल्याच हातून गेला हे बाहेर आलं तर सगळ्या कामावर बोळा फिरेल, असं त्यांनी घरात बायकोला, वत्सलाबाईंना सांगितलं. अहो, पण त्या बाईचं पोट आहे त्या शेतावर, वत्सलाबाई म्हणाल्या. तारखेच्या दिवशी सरांनी मला आणि भिंग पिशवीत टाकलं.

कचेरीत अधिकाऱ्यांसमोर मी चांगुणाच्या अंगठ्यावरून पुन्हा फिरलो. नवा ठसा पुंजाच्या कागदाशेजारी ठेवला. मित्रांनो, कचेरीत अंगठा जांभळ्या पॅडवर टेकवतात आणि कागदावर दाबतात. पुंजाच्या कागदावर मात्र छापखान्याची काळी शाई होती, आणि अंगठा कडेपासून कडेपर्यंत लोळवलेला. ते काम आमचं होतं. सरांनी ते ओळखलं.

“अंगठा हिचाच आहे का?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“हो, हिचाच,” सर म्हणाले.

चांगुणा वाट बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “पुढचं सांगा ना, सर.”

सरांनी भिंग पुसलं आणि पिशवीत टाकलं. अधिकाऱ्यांनी दुसरं काही विचारलं नाही.

शेत पुंजाचं झालं. चांगुणा निफाडकडे द्राक्षांच्या बागांत मजुरीला गेली आणि तिकडेच खोकून खोकून मेली, असं पाड्यावरच्या केरूनं सांगितलं. सर डॉक्टर झाले, शाल-श्रीफळ मिळालं. मला मात्र त्यांनी पुन्हा कधी हातात घेतलं नाही. रॉकेलनं पुसायचेही कष्ट घेतले नाहीत. शाई अंगावरच वाळली, रबर तडकलं. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. तुम्ही शिकाल, वह्या-कागद घेऊन गावोगाव जाल. कुणी विश्वासानं हात पुढे केला, तर त्याचा कागद जिवापाड जपा. आणि कुणी विचारलं तेवढंच सांगून गप्प बसू नका. त्या दिवशी कचेरीत पुंजाखेरीज दोघांना सगळं माहीत होतं. मला तोंड नव्हतं. सरांना होतं.