दोष पाण्याच्या माथी

टिर्रर्र. ओट्यावरचं गजराचं घड्याळ वाजलं, आणि ठमी उठेल म्हणून मी झडप घालून ते बंद केलं. दहा मिनिटं झाली होती. काचेच्या पेल्यात कोमट पाणी, चमचाभर साखर आणि नव्या मालातलं यीस्ट. एव्हाना वर बोटभर फेस यायला हवा होता. पेला नुसता गढूळ, निवांत बसला होता.

मी यीस्ट मागवणाऱ्या कंपनीत कामाला आहे. आमच्याकडे यीस्ट तयार होत नाही. सगळं जहाजाने येतं, आणि पुढचं जहाज दीड महिन्याने. या खेपेला कागदपत्रं अडकली आणि आमच्या बारमाही उकाड्यात कंटेनर अठरा दिवस बंदरावर पडून राहिला. यीस्ट म्हणजे जिवंत वस्तू, उन्हात तिचा जीव जाणारच. माल गोदामात उतरला की त्याचा नमुना फसफसतो का ते पाहून सही करायची, हे माझं काम. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, ठमीला, ताप होता, म्हणून साहेबांनी नमुना घरी न्यायची परवानगी दिली होती.

मी दुसरा पेला लावला. साखर दुप्पट घातली, यीस्टही जरा सढळ हाताने, आणि दहाऐवजी पंचवीस मिनिटं थांबले. कडेकडेने थोडासा फेस धरला. तेवढ्यात ठमी उठून रडायला लागली. तिला कडेवर घेऊन, तिच्या कढत गालाला गाल लावून, मी कागदावर लिहिलं, ‘ठीक’.

मला कुणी भरीला घातलं नव्हतं. माल मेलाय, सगळा परत करा, हे साहेबांना सांगायची हिंमत नव्हती. आणि घरी काम न्यायची सवलत जाईल ही धास्ती होती.

बहुतेक बेकरीवाल्यांनी मुकाट्याने जास्त यीस्ट घालून वेळ मारून नेली. फोन आला तो एका म्हाताऱ्या बेकरीवाल्यांचा. त्यांना मी आजोबाच म्हणते. चाळीस वर्षं त्यांचं एकच माप, आणि पाणी किती कोमट ते मनगटावर थेंब टाकून बघायचं, मी ठमीचं दूध बघायची तसं. आजोबा चिडले नव्हते, गोंधळले होते. दोन घाणे बसले म्हणाले, पाव कसले, पायपुसणी झाली. मग हळूच विचारलं, "पोरी, माल बरा आहे ना?"

"माल तपासलेला आहे, आजोबा," मी म्हटलं. "तुमचं पाणी जास्त गरम झालं असेल."

इतकं सहज निघालं तोंडून.  आजोबा म्हणाले, असेल बाई, हल्ली हाताला कळत नसेल. आणि वर माझेच आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या जहाजाचा माल चांगला निघाला. नमुन्याचा फेस पेल्याबाहेर आला, तरी मला धड आनंद होईना. त्या मालाची खोकी द्यायला मी स्वतःच बेकरीत गेले. ठमीला सुट्टी होती, तीही बरोबर आली. पीठ मळायच्या टेबलाशी आजोबांची सून उभी होती, पाण्यात थर्मामीटर बुडवून आकडा वाचत होती. आजोबा दाराशी स्टुलावर बसून पाव कागदात बांधत होते. सून हसून म्हणाली, बाबांना आता बढती दिलीय, मॅनेजर केलंय.

"मॅनेजर कसला, राखणदार म्हण," आजोबा म्हणाले. "राखणदारालाच दाराशी बसवतात."

दोघं हसली. मला हसता येईना.

सून आत भट्टीकडे गेली तशी मी सांगून टाकलं. तो माल मेलेला होता. मला पेल्यातच दिसलं होतं. तरी मी सही केली, आणि खापर तुमच्या पाण्यावर फोडलं. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. हे सगळं मी त्यांच्या बोटांकडे बघत बोलले. तोंडाकडे बघवत नव्हतं. दोऱ्याची गाठ मारता मारता ती बोटं थांबली होती.

आजोबांनी गाठ पुरी केली.

"फार मायाळू आहेस गं," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचं मन राखायला सगळं स्वतःवर ओढून घेतेस."

खरंच सांगतेय, मी म्हटलं, अगदी शपथेवर आले. त्यांनी नुसती मान हलवली आणि ठमीच्या हातात एक गरम पाव ठेवला.

"असू दे. त्या दिवशी तू स्पष्ट बोललीस म्हणून सून तरी वेळेत तयार झाली."

पायरी उतरताना वाटलं, परत जावं, सुनेला बोलवावं, तिच्यासमोर सांगावं. पाय वळले नाहीत. ठमी माझं बोट धरून पाव कुरतडत चालली होती. कोपऱ्यावर आल्यावर ती थांबली.

"आई, तू आजोबांशी खोटं कधी बोललीस? आत्ता, की तेव्हा?"