चौतीस पानांची प्रस्तावना

शिरूरच्या मार्केट यार्डात खताच्या दुकानाच्या वर एक खोली आहे. तिला मी 'घोडकाठ प्रकाशन' म्हणतो, बाकीचे 'इंद्रजीत सरांची खोली' म्हणतात. बावीस वर्षांत सत्तावीस पुस्तकं काढली. पुण्यात ज्यांना कोणी दारात उभं करत नाही असे इकडचे लिहिणारे माझ्याकडे येतात. माझी अट एकच: प्रस्तावना मी लिहिणार. बिचारे लाजेकाजेस्तव हो म्हणतात. एका संग्रहात तर कवितांपेक्षा माझीच पानं जास्त भरली, आणि तरी मला वाटत होतं की या वेळी आपण आटोपतं घेतलं.

हर्षदा कुरकुंभला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तिची कादंबरी वाचून मी दोन दिवस धड जेवलो नाही, इतकी चांगली. म्हणून प्रस्तावनाही जीव ओतून लिहिली, चौतीस पानांची. सुट्टीच्या दिवशी ती प्रूफं घेऊन आली.

"सर, राग नका मानू. सरूबाई कवा मरती?"

"शेवटी. पान एकशे नव्वद."

"न्हाई. तुमच्या प्रस्तावनेत ती पान चारलाच मेली. आमच्या लाइनवरच्या पोरींना वाचाय दिलं, तर म्हनल्या, कळलं की सगळं, आता पुढं काय वाचायचं?"

मी 'मृत्यूचं प्रतीक' वगैरे सुरू केलं. चहा संपेपर्यंत तिनं ऐकून घेतलं.

"प्रस्तावना काढायची नसंल, तर मी पुस्तक माघारी नेते."

खरं सांगतो, क्षणभर मनात आलं, ने जा. कारण माझं स्वतःचं एकही पुस्तक नाही. माझं म्हणून जे काही छापलं गेलंय, ते सगळं दुसऱ्यांच्या पुस्तकांत पुढं घुसून बसलेलं आहे. मग माझीच मला लाज वाटली. चौतीस पानं काढून बाजूला ठेवली.

ती जिन्यापर्यंत गेली आणि थांबली.

"चांगलं लिहिता की सर तुम्ही. आता स्वतःचं लिहा एखादं. प्रस्तावना मी लिहिते, एकच पान."

त्याच संध्याकाळी नवी वही आणली. पहिलं पान हर्षदासाठी सोडलंय. दुसऱ्यावर काय लिहायचं, ते दीड महिना झाला, अजून सुचलेलं नाही.