अकरा हजार किलोमीटरवरचा धाकटा

ताईचा जन्म विमानाची तिकिटं विकण्यात गेला, पण स्वतः ती एकदाही विमानात बसली नव्हती. एक प्रवास मात्र तिला तोंडपाठ होता. धाकटा भाऊ नोकरीला होता ते शहर अकरा हजार किलोमीटर लांब होतं. मधला थांबा धरून एकोणीस तास. आई अधूनमधून विचारायची, "अगं, लवकर पोहोचवणारं एखादं विमान निघालं का?" ताई म्हणायची, "निघालं की पहिलं तिकीट तुझ्या लेकाचं."

त्या दिवशी सकाळी बाबा दाढी करता करता कोसळले. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "मेंदूत रक्तस्राव झालाय. लगेच ऑपरेशन करावं लागेल. जवळच्यांना बोलावून घ्या."

ताईनं धाकट्याला फोन लावला. "निघालोच," एवढंच म्हणून त्यानं ठेवला. कितीही आटापिटा केला तरी उद्याशिवाय तो पोहोचत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तोवर बाबा? पुढचं तिनं मनात येऊच दिलं नाही.

दुपारी ती ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसली होती. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर धाकटा! पाठीला सॅक, पायांत झिजलेल्या चपला, दाढीचे खुंट वाढलेले. ताई ताडकन उठली. क्षणभर वाटलं, आपल्यालाच भास होतोय.

"बाबा कसे आहेत?" त्यानं विचारलं.

"आत आहेत. पण तू... तू आत्ता इथे कसा? तिथून इतक्यात कुठलं विमान येतं रे?"

तो भिंतीला टेकला. "बसनं आलो, ताई."

"बसनं?"

"आठ महिने झाले परत येऊन. कंपनीनं काढलं. पाच तासांवर एका गोदामात माल चढवतो-उतरवतो. काही धड मिळालं की सांगणार होतो. असा कुठल्या तोंडानं येऊ घरी?"

"आणि 'इथे आत्ता कुठे उजाडतंय' म्हणून फोन करायचास ते?"

"तिथलं घड्याळ बघून करायचो."

ताईनं त्याची कॉलर धरली, सोडली, पुन्हा धरली. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. आई चहाचे दोन कप घेऊन मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पाच तासांवर होतास?" आईचा आवाज ओळखू येईना. "मागे मी तापानं फणफणले होते, तेव्हा हिला बजावलं होतं, त्याला कळवू नकोस म्हणून. एवढ्या लांब पोराच्या जिवाला घोर कशाला? लांब आहेस म्हणून हाक मारत नव्हते रे मी!"

धाकट्यानं मान खाली घातली. आईनं कप बाकावर ठेवले, अन् त्याच्याकडे न बघता टोकाला जाऊन बसली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाबा वाचले होते. डावा हात हलायला मात्र वेळ लागणार होता.

धाकटा परत गेला नाही. बाबांना उठवणं, अंघोळ घालणं, सगळं त्यानं अंगावर घेतलं. आई मुकाट्यानं त्याच्यापुढे ताट ठेवायची, पण त्याच्याशी अवाक्षर बोलायची नाही. आठवडाभरानं एका सकाळी ती ओरडली, "ओला टॉवेल गादीवर टाकतोस? हेच शिकून आलास का?"

स्वयंपाकघरात ताईचा जीव भांड्यात पडला.