अकरावं प्रकरण

कॉलेजात फर्मान निघालं की नोकरीच्या अर्जाला स्वयंसेवेचा अनुभव जोडायचा. मला रेडिओवर बोलायचं होतं. आई म्हणाली, "तोंडाची टकळी चालूच असते, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे." म्हणून वाचनालयात दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम धरलं. एक पुस्तक पूर्ण केलं की प्रमाणपत्र. सेवाबिवा नंतर, असा माझा सरळ विचार.

माझ्या वाट्याला आलं कार्यालयीन नियमांचं पुस्तक, चौदा प्रकरणांचं. ते एका टेलिफोन ऑपरेटर ताईंना हवं होतं. त्यांची बढतीची परीक्षा होती. पाट्या टाकल्या असंही नाही, दहा प्रकरणं मी मन लावून वाचली. अकरावं म्हणजे रजेचे नियम, नुसते तक्ते, बावीस पानं. कोण घसा कोरडा करणार? मी ते गाळलं. आणि कुणाला कळू नये म्हणून बाराव्याला अकरावं म्हणाले, तेराव्याला बारावं. असल्या कामात माझं डोकं फार चालतं. ग्रंथपालांनी सुरुवातीची दोन मिनिटं ऐकली, आवाजाचं कौतुक केलं आणि 'पूर्ण' अशी नोंद केली.

दोन महिन्यांनी प्रमाणपत्र घ्यायला गेले, तर ताई तिथेच बसलेल्या. माझा आवाज ऐकताच हसल्या.

"आलीस का गं? अगं, नापास झाले मी. रजेवर वीस मार्कांचा प्रश्न आला. मी सगळ्यांदेखत भांडले, पुस्तकात हे नाहीच म्हणून! ऑफिसात अजून हसतात मला. माझं पुस्तकच जुनं असणार. पुढच्या महिन्यात परत बसतेय."

मी ग्रंथपालांकडे वळून प्रमाणपत्र मागितलं, त्यांनी ते ड्रॉवरमधून काढलं.

ताईंनी माझ्यासाठी शिफारसपत्र टाइप करून घेतलं होतं. "मोठ्यानं वाच ना. तुझ्याच आवाजात ऐकू दे."

वाचू लागले. उच्चार स्वच्छ, कामात नियमित, वगैरे. मग ओळ आली, 'हिने पुस्तकातला एक शब्दही गाळला नाही.' ती काही तोंडातून निघेना. मी थेट पुढची वाचली.

"एक ओळ राहिली," ताई म्हणाल्या. "मीच सांगितलीय, पाठ आहे मला."

ग्रंथपाल चष्म्यावरून बघायला लागले. माझे कान तापले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"ती ओळ खोटी आहे, ताई," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं, नंबर बदलल्याचंसुद्धा.

 ताईंनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ग्रंथपालांनी माझं प्रमाणपत्र परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग ताईंनी पिशवीतून रेकॉर्डर काढून टेबलावर ठेवला.

"बावीस पानं ना? वाच. मी इथेच बसते."

ग्रंथपालांनी पुस्तक काढून दिलं आणि मी वाचायला लागले. आवाज चिरकत होता. पान उलटलं की ताई विचारायच्या, "मधलं काही राहिलं नाही ना?"

"नाही, ताई," मी म्हणायचे. पुढच्या पानाला त्या पुन्हा विचारायच्या.