वरच्या आळीची पाळी

भिंगाखालचे घंटेच्या आकाराचे जीव. काल उघडमीट करत होते, आज मिटलेले.

वरची आळी: सकाळी नऊ ते दहा.

लाल मुठीचं फावडं.

पाणी अकरा अंश. सात. तीन.

सडक्या अंड्यांचा वास.

चिसे माएयामाला गावच्या सांडपाणी केंद्रात चौदा वर्षं झाली होती, पण आकड्यांची भीती तिला त्या सकाळी पहिल्यांदा वाटली. डोंगरावर स्कीची हॉटेलं वाढली तसं घाण पाणी दुप्पट झालं होतं. ते पचवणारे टाकीतले जीव कसेबसे तग धरून होते. मात्र आठवडाभर रोज नऊला बर्फासारखं पाणी येई आणि जीव मरत. ते मेले की सगळी घाण जशीच्या तशी नदीत.

"कोणीतरी गटारात बर्फ लोटतंय," कुनिओ म्हणाला. केंद्रात ती दोघंच. "सापडला ना, चिसेताई, तर त्यालाच टाकीत बुडवतो. जीवांचं पोट तरी भरेल."

"नऊ ते दहा," ती म्हणाली, आणि गॅसमापक अडकवलेलं जाकीट चढवलं.

ती वेळ तिला पाठ होती. हिवाळ्यात रस्त्याकडेच्या नाल्यात प्रत्येक आळीसाठी तासभर पाणी सोडत. तेवढ्या वेळात दारातला बर्फ त्यात लोटायचा. पाळी चुकली तर शेजारी वर्षभर ऐकवत. वरच्या आळीत तिचे बाबा एकटे राहत. तोकुजी, वय एक्याऐंशी. नव्या हॉटेलच्या गाड्या वळाव्यात म्हणून त्या आळीचा नाला आता बुजवला होता.

ती वर पोचली तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती. बाबांच्या दारासमोर मॅनहोलचं झाकण बाजूला सारलेलं. भोवतीचा बर्फ सुरीने कापावा तसा कापलेला. त्यांचं लाल मुठीचं फावडं नाही. बाबा नाहीत.

"बाबा!"

"ओरडतेस कशाला? बहिरा नाही झालो."

आवाज खालून आला. चार हात खाली, लोखंडी पायऱ्यांवर, एका हाताने लोंबकळत बाबा काळोखात काहीतरी चाचपत होते.

"फावडं निसटलं. बोटभर राहिलंय."

"वर या. आत्ताच्या आत्ता."

"तुझ्या आईने घेतलेलं आहे ते. सोडू होय?"

तिच्या जाकिटावरचा गॅसमापक किंचाळायला लागला.

"हे काय, कोंबडी आणलीस का?" बाबा हसले. "मघाशी इथं अंडी सडल्यासारखा वास मारत होता. आता गेला बघ."

वास गेला नव्हता, बाबांचं नाक गेलं होतं. गटारातल्या या गॅसचं विष वाढलं की आधी नाक मरतं. आणि दहाला हॉटेलचा पंप रात्रभर साचलेलं पाणी सोडणार, त्याच्याबरोबर याच्या कितीतरी पट गॅस. आत उतरायचं नाही. पहिल्याला काढायला गेलेला दुसरा मरतो, हे केंद्राच्या भिंतीवर तिनेच लिहून लावलं होतं. विष आहे म्हणावं तर बाबा वाद घालणार, आणि वाद घालायला श्वास लागतो. पाळी म्हटली की मात्र नाला बुजलाय हेही विसरून ते धावतील.

"बाबा," आवाज कापू न देता ती म्हणाली, "नाल्याला पाणी आलंय!"

चाचपणारा हात थांबला.

"काय म्हणालीस?"

"पाणी सोडलंय. आपली पाळी. चारच मिनिटं उरलीत, आणि शेजारच्या ओगिसोकाकू त्यांचा बर्फ आपल्या पुढ्यात ढकलतायत."

"ती बया!"

लोखंडावर बूट वाजला. एक पायरी. मग काहीच नाही. चिसे काठावर पालथी पडून श्वास रोखून होती. खालून खोकल्याची उबळ. मग दुसरी पायरी. टोपी दिसली तशी तिने दोन्ही हातांनी कॉलर धरली आणि ओढलं, शिवण उसवेपर्यंत ओढलं, आणि वारा येत होता त्या बाजूला त्यांना फरफटत नेलं.

जमिनीखाली कुठेतरी पंप घरघरला. मापक पुन्हा किंचाळला.

बाबा ओकले. बराच वेळ धापा टाकत राहिले. मग मान वळवून त्यांनी रस्त्याच्या कडेला पाहिलं. गुळगुळीत काँक्रीट, त्यावर हॉटेलची बस उभी.

"पाणी कुठाय गं?"

चिसेने कॉलर अजून सोडली नव्हती.

नाला बुजवला तो ऑगस्टात. तेव्हा त्यात पाणी नव्हतं, म्हणून वरच्या आळीला कोणी विचारलं नाही.