उजवीकडची कळ

अगं पोरींनो, ऐका तर, काल सकाळी दात घासता घासता पोटात उजवीकडे, अगदी खाली, अशी कळ आली की मी बेसिन धरूनच उभी राहिले. आणि आज आपली हँडबॉलची फायनल, गोलकीपर मी. डोक्यात पहिलं काय आलं, तर मिलुतिनकाकाचं अपेंडिक्स. त्याचंही उजवीकडेच दुखत होतं. म्हटलं संपलं, फायनल गेली, पोटावर टाके.

आईला सांगणारच नव्हते, पण मी वाकून चालतेय हे तिला दिसलंच. तिचा निकाल तयार. मैदानावर थंड सिमेंटच्या पायऱ्यांवर बसतेस ना, घे, गारठली तुझी ओव्हरी, आता मूलबाळ होतंय की नाही देव जाणे. मग राकियात, त्या घरच्या कडक दारूत, भिजवलेलं फडकं पोटावर, त्यावर लोकरीची चड्डी, त्यावर दोन स्वेटर, आणि तशीच गुंडाळून दवाखान्यात.

डॉक्टर बोयानाने वास घेतला. "सकाळी सकाळी कोण प्यायलंय?"

आई लालेलाल. मी म्हटलं, पोट प्यायलंय, मी नाही.

तिनं पोट दाबून पाहिलं, ताप बघितला, लघवी तपासली, पाळी कधी आली होती ते विचारलं. आणि आईसमोरच, अंगावरून पांढरं जातंय का, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं? मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण जात होतं, खरंच. छातीही दुखत होती. मग सोनोग्राफी. अपेंडिक्स एकदम ठीक.

"स्त्रीबीज सुटलंय तुझं," ती म्हणाली. "दोन पाळ्यांच्या मधे दुखतं काहींना असं. गरम पाण्याची पिशवी घे, नाहीच थांबलं तर एक गोळी. वाढलं किंवा ताप आला तर मात्र लगेच ये."

"आणि उद्याची फायनल?"

"जमत असेल तर खेळ की."

मी तिला मिठीच मारणार होते. आईनं सिमेंटचं विचारलंच. त्याचा काही संबंध नाही म्हणाली डॉक्टर, आणि बोलता बोलता उठून तिनंच खिडकी लावली, दोन्हीकडून वारा लागला की माणूस आजारी पडतं म्हणून.

बाहेर आल्यावर आईनं माझा स्वेटर नीट खाली ओढला. मग हळूच म्हणते, "मलाही व्हायचं गं हे. तू पोटात राहीपर्यंत मी घाबरलेलीच होते. कुणाला विचारलंच नाही."

मग आम्ही कोपऱ्यावर चीज भरलेला गरम बुरेक घेतला, कागदातच खाल्ला, आणि भर रस्त्यात मी दोन्ही स्वेटर काढले, तर आईनं ते मुकाट्यानं हातावर घेतले.

दुखणं? पिशवी घेऊन झोपले, सकाळी काहीच नाही. चला, उठा आता, समोरच्या संघातल्या पोरी मैदानात उतरल्यासुद्धा.