तेलावरून विजेवर

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे. माझ्यात माणसं बसत नाहीत; फार तर एखादी मुंगी फुकट प्रवास करते. पण म्हणून मला शोभेचं खेळणं समजू नका. मी खरोखर उडतं, आणि छान उडतं.

माझा जन्म रायपूरच्या तात्यापाऱ्यात, जुन्या मराठी वस्तीत झाला. रेल्वेत नोकरी करणाऱ्या तरुण अनंतरावांनी कलकत्त्याहून एक खोकं मागवलं होतं. त्यात पुठ्ठ्याहून हलक्या लाकडाच्या पट्ट्या आणि एक नकाशा होता. ड्यूटीवरून आले की ते पट्ट्या कापत, फासळ्या जोडत. पतंगासारखा पातळ कागद ताणून त्यांनी माझे पंख मढवले आणि नाकाशी तेल पिणारं लोखंडी इंजिन बसवलं. काय त्याचा आवाज! तेव्हा मला रिमोट नव्हता. घोटभर तेल संपेपर्यंत मी वर जाई, मग तरंगत खाली येई, आणि अनंतराव सायकल दामटत माझ्यामागे. पाऱ्यातली पोट्टी टाळ्या पिटत. देवानं मला काही कमी दिलं नव्हतं.

पुढे इंजिन अडकलं. त्याचे भाग कुठेच मिळेनात. मी छताच्या हुकाला लटकलं ते लटकलंच. अंगावर धूळ बसली, कोळ्यानं शेपटीत संसार थाटला. एक सुख मात्र होतं. अनंतराव कीर्तनात पेटीची साथ करत आणि संध्याकाळी माझ्याखालीच बसून सराव करत. सूर वर आले की माझे कागदी पंख थरथरत. देवळात मी कधी गेलं नाही, पण कीर्तन मला घरबसल्या मिळालं.

मग रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं. काही वर्षांनी अनंतरावांच्या मुलाला, नीलेशला, नव्या रायपुरातल्या कार्यालयात नोकरी लागली आणि घर तिकडे हललं. सामान बांधताना नीलेश म्हणाला, "बाबा, इसको शोकेस में रख देते हैं ना."

काचेत! माझा जीव कागदाएवढा झाला.

पण सूनबाई विनीता विजेची इंजिनिअर. ती म्हणाली, "शोकेसमध्ये काहून? मी याला विजेवर उडवते, रिमोटनं."

अनंतराव एकदम गंभीर झाले. "इंजिनच काढलं तर ते माझं विमान राहीन का?"

"बाबा, मागच्या वर्षी पेटीचे सूर बदलून आणले. मग ती पेटी कोणाची झाली?"

"पेटीचा भाता तोच होता."

"याचे पंखही तेच आहेत."

अनंतरावांनी माझ्या पंखावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "कर तुले जे करायचं ते. पण उडवजो तूच. आता ते तुझं विमान. मी रिमोटले हात नाही लावणार."

मित्रांनो, इंजिन निघाल्याचं मला दुःख झालं नाही. देह बदलतोच. पण ज्यांनी मला घडवलं, तेच मला परकं म्हणाले, हे मात्र लागलं.

विनीतानं शेपटीला रिमोटवर वळणारं सुकाणू लावलं आणि नाकाशी छोटी मोटर बसवली. ती इंजिनापेक्षा फार हलकी, म्हणून बॅटरी पुढे सरकवून वजन भरून काढलं. पंखांखाली दोन बोटं धरून तिनं मला उचललं. मी समईच्या ज्योतीसारखं स्थिर राहिलं. तोल जमला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अनंतरावांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली: मिक्सर, स्कूटर, गाडी, आणि मी. सगळ्यांना झेंडूची माळ. माझ्या नाकाशी पंखा फिरणार, म्हणून माझी माळ त्यांनी शेपटीला बांधली. दसऱ्याला रस्त्यावरची प्रत्येक गाडी माळ घालून धावते. मग मी माळ घालून उडायचं, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. विनीतालाही नाही!

दसऱ्याच्या सकाळी रुंद रस्त्याकडेच्या मोकळ्या माळावर नीलेशनं मला हातानं सोडलं. मी झेपावलं, आणि शेपूट खाली ओढलं गेलं. नाक आभाळाकडे, वेग संपला, आणि मी धपकन गवतात.

"मैंने बोला था," नीलेश म्हणाला. "आता तरी ठेवून द्या शोकेसमध्ये."

पण सगळ्यांच्या आधी अनंतराव धावले होते. काठी मागेच पडली होती. मला उचलून म्हणाले, "पाह्य व, माझ्या विमानाचा पंखा मोडला! फासळी बी तडकली."

माझ्या विमानाचा! मोडलेल्या अंगातही मला ते नीट ऐकू आलं.

त्यांनी पंखांखाली दोन बोटं धरली. शेपूट झुकलं. विनीतानं कपाळावर हात मारला. "माळ! तोल मी माळेच्या आधी पाहिला होता!"

"म्हणजे माझ्यानं पडलं का जी ते?" मंदाकिनीबाई रडवेल्या झाल्या.

"तुझ्यानं काहून? स्कूटरले माळ, मग याले काहून नाही, असंच मलेही वाटलं. पूजा पोचली, मंदा. आता ही माळ मी घालतो." आणि अनंतरावांनी ती खरंच गळ्यात घातली.

"या वयात नवरदेव बनून राहिले!" डोळे पुसत मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि नीलेशही हसला.

फासळी अनंतरावांनी स्वतः जोडली, तीही नीलेशकडून कागद धरवून घेऊन. नवा पंखा विनीतानं लावला. पुढच्या रविवारी त्याच माळावर मी सरळ, शांत, ऐटीत वर गेलं. खाली अनंतरावांनी हात पुढे केला.

"आण तो रिमोट."

"पण बाबा, तुम्हीच म्हणाले होते की..."

"म्हणालो असन. माझं विमान हाय ते."

त्यांचा अंगठा कापत होता. विनीता शेजारी उभी राहून हळूच सांगत होती. मी थोडं डगमगलं, पण वळलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू हुकाला लटकत असेल. तिला काचेत कोंडू नका. तिचं काय थकलं ते बघा, तेवढंच बदला, तोल सांभाळा आणि तिला तिचं काम करू द्या. अन् ज्यानं ती घडवली, त्याचा हात तिला लागू द्या, कापत असला तरी. आता बोलणं पुरे. अनंतरावांनी कळ डावीकडे दाबली आहे. मला वळायला हवं.